खुंट कोणता?

नागपूरकडच्या संत्रा बागायतदारासमोर कुणी नवे रोप आणून ठेवले, तर तो आधी पाने पाहत नाही, उंची पाहत नाही. तो विचारतो, खुंट कोणता? जंबेरी की रंगपूर? वर दिसणारा संत्रा सगळीकडे सारखाच, पण तो ज्याच्या मुळांवर उभा राहणार आहे ते झाड वेगळे असते, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचे बागेचे आयुष्य त्या न दिसणाऱ्या झाडावर अवलंबून असते, हे या भागात शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. कळमेश्वरजवळच्या आमच्या शेतात माझ्या वडिलांनी संत्र्याची तीनशे झाडे लावली होती आणि त्यातल्या प्रत्येक झाडाचा खुंट कोणता, हे ते वहीत न पाहता सांगत असत. त्याच घरातली मी मुलगी, आणि २००९ साली नागपुरात आमच्या घराच्या अंगणात लावण्यासाठी आंब्याचे कलम विकत आणायला गेले, तेव्हा हा प्रश्न मी विचारला नाही. आंब्याच्या बाबतीत तो कुणीच विचारत नाही.

आमचे घर पंधराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर आहे. घराच्या मागे बारा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा उरली होती आणि तिथे एक लहानसे, आवरता येईल असे केशरचे झाड असावे, अशी माझी फार इच्छा होती. रोपवाटिकेतून दीड हात उंचीचे कलम आणले. ‘कलमी आहे म्हणजे फार वाढणार नाही आणि तिसऱ्या वर्षी फळ देईल,’ असे तिथे सांगण्यात आले. पहिल्या उन्हाळ्यात ते करपल्यासारखे झाले, पण पावसाळ्यात पुन्हा जोमाने फुटले, तेव्हा मला कोण आनंद झाला होता. मग ते वाढतच गेले. तिसऱ्या वर्षी फळ नाही, पाचव्या वर्षी नाही. झाड मात्र स्लॅबच्या वर गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात, सातव्या वर्षी, त्याला नऊ आंबे लागले. लहान, गोल, पिकल्यावरही हिरवट राहणारे आणि कोयीला रेषाच रेषा असलेले ते आंबे होते. वडील त्या वेळी आमच्याकडे आले होते. त्यांनी एक आंबा चोखून पाहिला, काही बोलले नाहीत, आणि खोडाशी जाऊन उकिडवे बसले. बोटांनी माती बाजूला करत त्यांनी विचारले, “जोड कुठं हाय याचा?” जमिनीपासून चार बोटांवर, सालीत जवळजवळ बुजून गेलेले, करंगळीएवढे एक वाळलेले लाकूड त्यांना सापडले. “हे केशर नोहे, माय. हा त खुंट हाय. केशर पयल्याच उन्हाळ्यात गेलं.”

मी सात वर्षे ज्याची निगा राखली, ते झाड म्हणजे कलमाच्या खालून आलेला फुटवा होता. कलम म्हणजे दोन झाडांचा एक देह असतो: खाली कोयीपासून उगवलेले रोप, म्हणजे खुंट, आणि वर आपल्याला हव्या असलेल्या जातीची काडी. उन्हाने वरची काडी वाळली तरी खालची मुळे जिवंत असतात, आणि ती आपल्या स्वतःच्या डोळ्यांतून, म्हणजे अंकुरांतून, नवी फूट काढतात. ती फूट जोमदार असते, हिरवीगार असते, म्हणून पाहणाऱ्याला झाड सावरल्यासारखे वाटते. जोडाच्या खालची प्रत्येक फूट कोवळी असतानाच चिमटून काढायची, हा कलमाच्या संगोपनातला पहिला नियम मी त्या दिवशी शिकले. ज्या माणसाच्या संत्र्याच्या बागेत असा फुटवा आठ दिवसही टिकला नसता, त्याच्या मुलीने तो सात वर्षे पाणी घालून वाढवला, याचे वाईट मला आजही वाटते.

पण त्या एका चुकीमुळे मी आंब्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागले. पहिली गोष्ट समजली ती अशी की, आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांची कोय एकभ्रूणी असते. तिच्यात एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांच्या परागसंकरातून झालेला असतो. त्यामुळे हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, जसे आईचे मूल म्हणजे आई नव्हे. गावरान आमराईत म्हणूनच एका झाडासारखे दुसरे झाड नसते आणि लोकांनी प्रत्येक झाडाला वेगळे नाव दिलेले असते. जात जशीच्या तशी राखायची तर काडीच घ्यावी लागते. आणि दुसरी गोष्ट वयाची. कोयीपासून वाढलेल्या आंब्याला मोहोर यायला सहा-सात वर्षे, कित्येकदा दहा वर्षेही लागतात, कारण झाडालाही बालपण असते आणि त्या काळात ते फक्त वाढते. फळावर आलेल्या झाडाची काडी मात्र हे बालपण ओलांडून आलेली असते. ती दीड हात उंचीच्या खुंटावर बसवली, तरी प्रौढच राहते. म्हणूनच रोपवाटिकेत पिशवीत उभ्या असलेल्या, गुडघ्याएवढ्या कलमालाही कधी कधी मोहोर येतो आणि पाहणारे चकित होतात.

मग कलम केल्याने झाड लहान होते का? या प्रश्नाचे उत्तर मला बरीच वर्षे नीट मिळत नव्हते, कारण विकणारे ‘हो’ म्हणतात आणि कोकणातली शंभर वर्षांची, चाळीस फूट उंचीची हापूसची कलमे ‘नाही’ म्हणतात. दोन्हींत थोडे थोडे खरे आहे. कलमाला फळ लवकर लागते, आणि झाडाने तयार केलेले अन्न फळांकडे वळले की शेंड्यांची वाढ तेवढी मंदावते. त्यामुळे कोयीच्या झाडापेक्षा कलमाचे झाड ठेंगणे आणि पसरट होते. पण इतकेच. झाड खरोखर लहान राहायचे असेल तर तीनपैकी एखादी गोष्ट हवी: काडीची जातच बुटकी असली पाहिजे, किंवा खुंट झाडाला आवरून धरणारा असला पाहिजे, किंवा माणसाने दरवर्षी कात्री हाती घेतली पाहिजे. सुरी आपल्याला जात देते आणि वय देते. ठेंगणेपणाचे आश्वासन ती देत नाही.

आमच्या शेताच्या बांधावर एक आंबा होता. घरात त्याला ‘खोबऱ्या’ म्हणत, कारण त्याची कैरी आंबट नसे. खोबऱ्यासारखी करकरीत आणि किंचित गोड लागे, आणि शाळेतून आलेली मुले ती मीठ-तिखटाशिवायच खात. पिकला की चोखून खाण्याचा, पातळ रसाचा, मंद वासाचा आंबा. आजीच्या सांगण्यावरून ते झाड तिच्या सासऱ्यांच्या आधीचे होते. उंची चाळीस-पंचेचाळीस फूट असावी. लहानपणी त्याच्या फळांचे जे झाले, ते सगळ्याच उंच झाडांच्या फळांचे होते. खालच्या फांद्यांवरचे आंबे आकडी लावलेल्या बांबूने काढले जात. मधल्या उंचीचे आंबे गडी वर चढून खाली धरलेल्या पोत्यात टाकत, त्यातले निम्मे पोत्याबाहेर पडून फुटत. आणि शेंड्याचे आंबे पोपटांचे, वानरांचे आणि वादळाचे. देठाशिवाय तुटलेल्या फळावर चीक ओघळून काळे डाग पडत, आणि ती अढीत सर्वांत आधी सडत. एप्रिलमध्ये अवकाळी पावसाबरोबर गारा आल्या की झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडे आणि घरात आठवडाभर लोणच्याशिवाय दुसरे काम नसे.

त्या झाडाखाली उताणे पडून वर पाहिले की एक गोष्ट दिसे, तिचा अर्थ मला फार उशिरा कळला. बाहेरून झाड हिरवे गच्च दिसे, पण आत शिरल्यावर सगळी लाकडेच असत. पाने आणि फळे फक्त बाहेरच्या दोन-तीन हातांच्या थरात. आंब्याचा मोहोर फांदीच्या टोकाला येतो, आणि टोके उजेड शोधत बाहेर सरकत जातात. आतला भाग सावलीत बसतो आणि रिकामा होतो. म्हणजे मोठे झाड हे फळांच्या दृष्टीने एक पोकळ घुमट असते, आणि तो घुमट पेलण्यासाठी झाड टनावारी लाकूड पोसत असते. झाड जितके लहान, तितका त्याच्या एकंदर घेरात या फळणाऱ्या बाहेरच्या थराचा वाटा मोठा. लहान झाडे अधिक उत्पादक, असे म्हणतात त्याचे मर्म इथे आहे. एकटे लहान झाड मोठ्या झाडाइतके फळ कधीच देणार नाही. पण त्याच जमिनीवर लहान झाडे जास्त बसतात आणि त्यांच्यात उजेड न पोचणारी जागा कमी उरते. शिवाय जे फळ येते ते हाताला लागते. देठासह कापता येते, फळमाशीपासून वाचवायला त्याच्यावर कागदी पिशवी चढवता येते, तुडतुडे आणि भुरी दिसताच फवारा शेंड्यापर्यंत पोचतो. माझ्या मते हा दुसरा लाभ पहिल्यापेक्षा मोठा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

२०१७ च्या जूनमध्ये वडिलांनी खोबऱ्याच्या सव्वीस कोया काळ्या पिशव्यांत रुजत घातल्या. आंब्याची कोय फार काळ जिवंत राहत नाही. महिनाभरात तिची उगवणशक्ती ओसरू लागते, म्हणून फळ खाल्ल्यावर आठ दिवसांच्या आत त्यांनी कोया धुऊन, वरचे कठीण कवच कापून आतले बी लावले होते. कशासाठी, असे मी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “खुंट होतील.” त्या वेळी शेत विकायचे घरात ठरत आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लेआउट पडत आमच्या बांधापर्यंत आले होते, भावाने काटोलच्या बाजूला दुसरी जमीन पाहिली होती, आणि प्लॉटच्या नकाशात खोबऱ्या नेमका रस्त्यावर येत होता. पुढच्या जानेवारीत वडील गेले. पिशव्यांत एकोणीस रोपे जगली होती. सौदा झाला तेव्हा मी एकच मागणे मागितले, की हा एक पावसाळा झाड राहू द्यावे. समोरच्यांनी ते ऐकले.

काडी झाडावरून कुठूनही घेऊन चालत नाही. खोडाच्या बुडाशी किंवा मोठ्या फांद्यांच्या मध्यातून सरळ वर जाणारी जी गुबगुबीत फूट असते, ती घेण्याचा मोह होतो, कारण ती हाताशी असते आणि दिसायला निरोगी असते. पण कोयीपासून वाढलेल्या झाडाचा बुडखा कितीही जुना झाला तरी त्याच्यात बालपण शिल्लक असते. तिथली फूट उशिरा फळावर येते. काडी हवी बाहेरच्या, फळे दिलेल्या फांदीच्या टोकाची, तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, डोळा फुगलेला पण न उमललेला. त्यासाठी आठ-दहा दिवस आधी काडीवरची पाने देठ ठेवून कापावी लागतात, म्हणजे रस टोकाच्या डोळ्याकडे वळतो आणि देठ आपोआप गळून पडतात. इतक्या जुन्या झाडावर अशा काड्या फक्त उंचावर होत्या. एक गडी दोनदा वर चढला: एकदा पाने कापायला, आणि नवव्या दिवशी काड्या उतरवायला. तीस काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून मी त्या दिवशी दुपारच्या आत नागपूरला आणल्या.

कलमे बांधायला वरुडच्या बाजूचे एक मामा आले होते. हयात संत्र्याचे डोळे बांधण्यात गेलेली. संत्र्याला नुसता डोळा पुरतो, खुंटाच्या सालीत टीच्या आकाराची चीर देऊन तो आत सरकवतात. आंब्याला मात्र अख्खी काडी बसवायची, असे सांगत त्यांनी माझ्याकडची सुरी पाहिली आणि ती बाजूला ठेवली. “ताई, बोथट सुरीनं लाकूड फाटते, चिरल्या जात नाही. घासून आना.” पहिली दोन कलमे त्यांनी करून दाखवली. खुंटाचा शेंडा, जिथे लाकूड अजून कोवळे आणि हिरवट आहे, तिथे आडवा कापायचा; मधोमध दीड इंच खोल खाच द्यायची; काडीचे बूड दोन्ही बाजूंनी तासून तेवढ्याच लांबीची पाचर करायची आणि खाचेत सरकवायची. खुंट आणि काडी सारख्याच जाडीची मिळतात असे नाही, तेव्हा निदान एका कडेला साल सालीला भिडली पाहिजे. कारण सालीच्या लगेच आत कॅम्बियमचा कागदाएवढा पातळ थर असतो आणि जोडण्याची ताकद त्या एका थरातच असते. दोन्हींच्या जखमांतून मऊ पेशींचा गोळा तयार होतो, तो एकमेकांत मिसळतो, आणि त्यातून पाणी व अन्न वाहणाऱ्या नलिका नव्याने घडतात. प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळत न्यायची, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. आणि काडीवर पातळ पिशवीची टोपी घालायची, म्हणजे ती मुळांशी जोडली जाईपर्यंत सुकत नाही. हे सगळे जुलैत, हवेत ओल असताना. आमच्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात हेच काम केले तर काडी दोन दिवसांत चिपाड होते.

उरलेली सतरा मी केली. प्रत्येक खुंट हा त्या झाडाचेच मूल होता आणि प्रत्येक काडी त्या झाडाची. वडिलांनी रुजवलेल्या रोपांचे शेंडे कापताना हात जड झाला होता, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकोणीसपैकी अकरा कलमे लागली. ज्या आठ वाळल्या त्यांतल्या बहुतेकांची पट्टी सोडून पाहिल्यावर पाचर आणि खाच यांच्यात उजेड दिसेल इतकी फट होती. सुरी पुन्हा पुन्हा चालवली की काप सपाट राहत नाही. एका दमात दिलेला कापच चिकटतो.

अंगणातल्या त्या खुंटालाही आम्ही टाकले नाही. फेब्रुवारीत तो कमरेएवढ्या उंचीवर कापून, कापलेल्या भागावर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावली होती. संत्र्याच्या डिंक्या रोगासाठी ही पेस्ट आमच्या घरात नेहमीचीच. पावसापर्यंत बुडख्यावर पंधरा-वीस फुटवे आले. त्यातले चारी दिशांना जाणारे पाच ठेवून त्यांवर खोबऱ्याच्या काड्या बांधल्या, तीन जगल्या. आज माझ्या अंगणात उभे आहे ते झाड असे, मुळे कुणाची हे कुणालाच ठाऊक नाही आणि फांद्या खोबऱ्याच्या. दिवाळीनंतर कळमेश्वरचे झाड कापले गेले, तेव्हा मी तिकडे गेले नाही.

अकरांपैकी दोन कलमे पुढच्या उन्हाळ्यात गेली. एक मावसबहिणीला उमरेडला दिले. आठ भावाच्या काटोलकडच्या शेतात, एकाच ओळीत, पाच-पाच मीटरवर लावली. तिथली माती काळी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी, म्हणून खड्ड्यात मुरूम मिसळून प्रत्येक झाड थोड्या उंचवट्यावर घेतले आणि पहिली दोन वर्षे पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्यांचा आडोसा केला. आठही झाडांची काडी एकाच झाडाची. माती एक, पाणी एक, लावल्याचा दिवस एक. चौथ्या वर्षी छाटणीआधी भावाने टेपने उंची मोजली तेव्हा सर्वांत उंच झाड अकरा फुटांचे होते आणि सर्वांत बुटके सव्वापाच फुटांचे.

ही तफावत पाहून मला वडिलांचा तो नेहमीचा प्रश्न आठवला. वरची काडी सारखीच असेल, तर फरक खालून आलेला आहे. आठ खुंट म्हणजे आठ कोया, एकाच आईच्या पण निरनिराळ्या परागांच्या, म्हणून स्वभावाने आठ निराळी झाडे. जंबेरीचे तसे नाही. तिचे बी बहुभ्रूणी असते. एका बियेतून तीन-चार रोपे उगवतात, आणि त्यातली संकरातून झालेली रोपे वगळली तर बाकीची आईच्या ऊतींपासूनच तयार झालेली, हुबेहूब आईसारखी असतात. म्हणून संत्र्याला एकसारखा खुंट मिळतो आणि त्याला नाव देता येते. आंब्यातही अशा बहुभ्रूणी जाती आहेत, पण त्या बहुतेक कोकणपट्टीच्या दक्षिणेला, केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर आढळतात. ओलूर, वेल्लाइकोलंबन, कुरुक्कन, चंद्रकारन ही त्यांची नावे. त्यातल्या वेल्लाइकोलंबनच्या खुंटावर हापूस ठेंगणा राहतो आणि ओलूरवर लंगडा जातीचा आंबा, असे प्रयोगांत दिसून आले आहे. इस्राएलमध्ये खारट आणि चुनखडीच्या मातीसाठी ‘१३-१’ नावाचा बहुभ्रूणी खुंट निवडण्यात आला. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग येथील केंद्राने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सफरचंदाचे खुंट वेचून त्यांना क्रमांक दिले, आणि आज जगभर सफरचंद लावणारा शेतकरी खुंटाचा क्रमांक सांगून झाडाची उंची ठरवतो. आंब्याला असा सर्वत्र चालणारा खुंट अजून मिळालेला नाही. आपल्याकडची बहुसंख्य कलमे आंब्याच्या रसाच्या आणि पल्पच्या कारखान्यांच्या मागे पडलेल्या कोयींवर बांधली जातात. ज्या फळाला आपण राजा म्हणतो, त्याच्या मुळांची चौकशीच करत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

बुटकेपणा काडीतून आणण्याचे काम मात्र आपल्या शास्त्रज्ञांनी केले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आम्रपाली ही जात निघाली. ती स्वभावतःच ठेंगणी आहे आणि दरवर्षी फळते. पूर्वीच्या पद्धतीने दहा-दहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी १०० झाडे बसतात. आम्रपाली अडीच मीटरवर लावली तर १६००. हा आकडा ऐकला की डोळे विस्फारतात, पण त्याची दुसरी बाजू शेतात दहा-बारा वर्षांनी दिसते. छाटणी एक-दोन वर्षे चुकली की फांद्या एकमेकींत शिरतात, ओळींमधून माणूस वाकूनही जाऊ शकत नाही, उजेड फक्त वरच्या पृष्ठभागावर राहतो, आणि सोळाशे झाडे मिळून पुन्हा तोच एक पोकळ घुमट तयार करतात. घन लागवड हे दरवर्षी फेडायचे कर्ज आहे. ज्याच्याकडे जूनमध्ये छाटणीला माणसे नाहीत, त्याने पाच मीटरचे अंतर ठेवावे आणि हेक्टरी ४०० झाडांवर समाधान मानावे, असे मी भावालाही सांगितले आणि इतरांनाही सांगते.

छाटणीबद्दल लोकांच्या मनात भीती असते आणि ती निराधार नाही, कारण वेळ चुकली तर त्या वर्षीचा मोहोर जातो. आंब्याची जी फूट हिवाळ्यापर्यंत पक्व झालेली असते, तिच्याच टोकाला मोहोर येतो. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान १०-१२ अंशांवर उतरते, तेव्हा ही पक्व टोके मोहोराकडे वळतात. संत्र्याच्या ज्या बहाराला आपण ‘आंबिया’ म्हणतो, त्याचे नावही या आंबा मोहोरण्याच्या काळावरून पडलेले आहे. तेव्हा फळे उतरल्याबरोबर, जूनमध्ये, छाटणी उरकली तर पावसाळ्यात आलेल्या नव्या फुटीला पिकायला पाच-सहा महिने मिळतात. हीच छाटणी दसऱ्याला केली तर हिवाळ्यात झाडावर फक्त कोवळी तांबूस पाने असतात. माझ्या अंगणातल्या झाडाला मुळे जुनी आणि दांडगी असल्यामुळे ते एका पावसाळ्यात चार फुटांची फूट काढते. पहिली दोन वर्षे आलेला मोहोर खुडला, मधली उभी फांदी काढून झाडाचा वाडगा केला, आणि आता दर जूनला मी ते आठ फुटांवर आणते. ऑक्टोबरपासून पाणी तोडते, कैरी वाटाण्याएवढी झाली की पुन्हा सुरू करते. वाढ रोखणारे पॅक्लोब्युट्राझोल अनेक जण मुळांशी देतात. झाडातल्या जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला ते आवर घालते, फूट आखूड होते आणि मोहोर भरघोस येतो, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूससाठी त्याची रीतसर शिफारस केलेली आहे. पण ते जमिनीत दीर्घकाळ टिकते आणि मात्रा चुकली तर झाड दमते. घरच्या झाडाला कात्री पुरेशी असताना ते द्यावे, असे मला वाटत नाही.

लहान झाडात काय नसते, तेही सांगायला हवे. खोबऱ्याखाली बैलजोड्या सोडलेल्या असत, मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पन्नास माणसांची पंगत बसे, आणि त्याच्या ढोलीत दरवर्षी पोपटांची पिले होत. माझ्या आठ फुटी झाडाखाली एक खुर्चीही धड सावलीत राहत नाही. अंगणाला आणि बागेला लहान झाड हवे, पण बांधाला, रस्त्याला आणि शाळेच्या आवाराला कोयीपासून वाढलेला गावरान आंबाच हवा. कोय जिथे वाढायची तिथेच लावली तर तिचे सोटमूळ अखंड खाली जाते, आणि उन्हाळ्यात दोन-दोन बोटे भेगाळणाऱ्या आमच्या काळ्या जमिनीत त्या मुळाचे मोल फार आहे. आता काटोलला भाऊ नवी झाडेही अशीच लावतो: खड्ड्यातच कोय रुजवतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात जागेवरच काडी बांधतो.

आणि ते सव्वापाच फुटांचे झाड. आम्हाला आधी वाटले, त्याच्याखाली दगड असेल किंवा मुळांना रोग असेल. एका बाजूने दोन हात खोल खणून पाहिले. माती तीच, मुळे पांढरी आणि निरोगी. पाने गडद, पेरे आखूड, रोग नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात ओळीतल्या सर्वांत उंच झाडाने साठ आंबे दिले आणि याने, घेर निम्माही नसताना, सेहेचाळीस. एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण त्या पिशवीत वडिलांनी लावलेली एक कोय अशी निघाली असेल, की जिची मुळे वरच्या झाडाला आवरून धरतात आणि तरी उपाशी ठेवत नाहीत, तर तो खुंट त्या एका झाडाबरोबर संपू नये, असे मला फार वाटते. त्याची कोय मिळणार नाही, कारण त्याला स्वतःचे फळच नाही. त्याच्या डोक्यावर खोबऱ्या बसला आहे. आंब्याची काडी सहजी मुळे धरत नाही. एकच वाट उरते. जोडाखालून येणारा त्याचा स्वतःचा फुटवा वाढू द्यायचा, त्याची काडी दुसऱ्या खुंटावर बांधायची आणि ती लागल्यावर तिच्यावर खोबऱ्याची काडी, म्हणजे तो मधला खुंट होईल. मधला तुकडाही झाडाला आवरतो की नाही, हे कळायला निदान पाच-सहा वर्षे लागतील.

या जूनमध्ये त्या झाडाच्या बुडाशी, जोडाच्या चार बोटे खाली, उत्तरेच्या बाजूला एक फुटवा आला. भावाचा हात सवयीने खाली गेला होता. मी त्याला थांबवले. काल त्याचा फोन आला. फुटवा दीड वितीचा झाला आहे, पाने अजून तांबूस आहेत, आणि नव्या गड्याने तो मोडू नये म्हणून त्याने त्याला लाल दोरा बांधून ठेवला आहे.